सेसना १७२ विमान : लांबच्या सोलोत (एकट्याने केलेल्या उड्डाणात) आल्टरनेटर (इंजिनावर चालणारं वीज तयार करणारं यंत्र) गेला तर?

प्रश्न : पुढच्या आठवड्यात माझी सीपीएलची (व्यावसायिक वैमानिक परवान्याची) ३०० नॉटिकल मैलांची सोलो क्रॉस-कंट्री (दूरच्या विमानतळांपर्यंतचं उड्डाण) आहे. काल सरावात लो व्होल्टेजचा दिवा लागला, अँमीटरचा काटा डावीकडे गेला, म्हणजे बॅटरी उतरत होती. चेकलिस्टप्रमाणे आल्टरनेटरचा स्विच एकदा बंद-चालू केला, दिवा विझला. पण पोटातला गोळा काही जात नाही. दूरवर असताना असं झालं तर इंजिन बंद पडेल का?

उत्तर १ : नाही रे. इंजिनावरचे दोन मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रं) स्वतःची ठिणगी स्वतःच तयार करतात, त्यांना बॅटरी लागत नाही. जातं ते बाकीचं : रेडिओ, ट्रान्सपॉंडर (रडारला विमानाचा कोड पाठवणारं यंत्र), फ्लॅप (उतरताना पंखांच्या मागून खाली येणाऱ्या पट्ट्या).

उत्तर २ : बॅटरी साधारण अर्धा तास धरायची, जुनी असेल तर तेवढीही नाही. आधी एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) कुठे आहेस, कुठे उतरणार ते सांग. मग लँडिंग लाइट, दुसरा रेडिओ बंद. ऐकण्यापेक्षा बोलायला कितीतरी जास्त करंट लागतो, म्हणून बोलणं मोजकं. रेडिओ पूर्ण गेला आणि ट्रान्सपॉंडर चालू असेल तर त्यावर ७६०० लाव, म्हणजे रेडिओ बंद असल्याचा कोड. फ्लॅपशिवाय उतरण्याचा सराव सरांबरोबर आत्ताच करून घे. वेग थोडा जास्त, धावपट्टीही जास्त लागते. आणि दिवा विझला म्हणून गप्प बसू नकोस. स्नॅग (विमानातल्या बिघाडाची नोंद) लिहिलास का?

प्रश्नकर्ता : आज सकाळी लिहिला, दादा. काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडल्यावर आल्टरनेटरमागची एक वायर बोटाने हलत होती, तिचा लग (टोकाची धातूची जोडणी) काळा पडलेला. नवीन लग बसवलाय. उद्या सरांबरोबर फ्लॅपशिवाय तीन लँडिंग.