कोकणात ज्येष्ठांच्या वसाहतीत राहणं: समज काय, प्रत्यक्षात काय?

केवडा:
आई ७३, बाबा ७८. दोघंही हिंडतेफिरते, आईला इन्सुलिन चालू आहे. गुहागर-रत्नागिरी पट्ट्यात ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीत जागा बघतोय. नातेवाईक म्हणतात, "म्हणजे वृद्धाश्रमच की! लोक काय म्हणतील?" माहितीपत्रकात मात्र समुद्र, झोपाळे आणि योगासनं. यातलं खरं काय? बघायला जाताना नेमकं काय तपासावं?

वॉर्ड_सात:
वृद्धाश्रमात सहसा खाट मिळते आणि संस्थेच्या वेळा पाळाव्या लागतात. वसाहतीत दार आपलं, किल्ली आपली, चहाचं आधण आपल्या वेळेला. जेवण, सफाई, देखभाल या सेवा पैसे मोजून घ्यायच्या. तेव्हा नातेवाइकांचं मनावर घेऊ नका. माहितीपत्रक जास्त फसवं आहे, कारण त्यात सगळी माणसं धडधाकट दिसतात. खरा प्रश्न तब्येत ढासळल्यावर सुरू होतो.

करारात "रहिवासी स्वावलंबी असावा" असं वाक्य आहे का ते आधी शोधा. असेल तर अंथरुणाला खिळल्यावर किंवा विसरभोळेपणा वाढल्यावर काय, हे लेखी मागा. खोलीत मदतनीस ठेवू देतात का, तिची झोपण्या-जेवणाची सोय कुठे, की जागाच सोडावी लागते?

"चोवीस तास नर्स" म्हटलं की हजेरीपत्रक दाखवायला सांगा. रोज तीन पाळ्या म्हणजे आठवड्याला २१. एक नर्स सहाच करते. म्हणजे दर पाळीला एकच नर्स ठेवायची तरी चार हव्यात, रजा धरल्या तर पाच. दोनच असतील तर रात्री तुमच्या हाकेला वॉचमन येणार. "डॉक्टर ऑन कॉल" म्हणजे बहुतेक वेळा फोनवर सल्ला, तेही विचारून घ्या.

आणि अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी स्कॅन. तेव्हा सीटी स्कॅन चालू असलेल्या रुग्णालयापर्यंत जुलैतल्या रात्री किती वेळ लागतो ते धरा. पुढे कोल्हापूरला न्यायची वेळ आली, तर पावसात आंबा घाटात दरड आलेली असू शकते.

चिरेबंदी:
वरच्याशी सहमत. मी बांधकामाचं सांगतो. जागा डिसेंबरात बघून ठरवू नका. जुलैत आठ-दहा दिवस भाड्याने राहा. कपाटाच्या मागची बुरशी, भिंतीची ओल, पागोळ्यांचं पाणी जातं कुठे, सगळं तेव्हाच दिसतं.

पाखाडी (दगडी पायवाट) आणि चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरतं, माणसं पडतात ती तिथेच. दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून ताठ ब्रशने घासणारा माणूस नेमलाय का? नसेल तर कठडा कितीही सुंदर असो, उपयोग नाही.

न्हाणीघरातली आधारदांडी हलवून बघू नका, तिच्यावर निम्मं वजन टाकून बघा. चिरा सच्छिद्र असतो. साध्या प्लास्टिक प्लगवर बसवलेली दांडी काही महिन्यांत ढिली होते आणि ऐनवेळी हातात येते. केमिकल अँकर (छिद्रात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) किंवा आरपार बोल्ट हवा. स्टील ३१६ ग्रेडचं. ३०४ ला खाऱ्या हवेत तांबूस डाग पडतात.

महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली: दार किमान ९०० मिमी रुंद, मार्गिका १५०० मिमी, पायऱ्यांऐवजी उतार. मोजपट्टी घेऊनच जा.

वीज. "बॅकअप आहे" याचा अर्थ अनेकदा लिफ्ट आणि जिन्यातले दिवे एवढाच. मिनिटाला पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) साधारण ३५० वॉट खातो, इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या (अँपिअर-तास) एका बॅटरीवर तो तीनेक तास चालेल. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. जनरेटरला डिझेल किती दिवसांचं साठवतात, विचारा.

केवडा:
वीज गेली तर इन्सुलिन माठात ठेवायचं ना? आणि मासे? बाबा माशाशिवाय जेवत नाहीत.

वॉर्ड_सात:
माठाचा उपाय देशावरच्या कोरड्या हवेतला. माठ थंड होतो तो पाझरलेलं पाणी वाळल्यामुळे. कोकणात पावसाळ्यात हवाच ओली, पाणी वाळत नाही, मग माठ कसला थंड होतोय! न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत लागतात. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये तळाला बर्फ, त्यावर दुमडलेला पंचा, वर कुप्या. बर्फाला टेकलेली कुपी गोठते, आणि गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. चालू असलेली कुपी ३० अंशांखाली साधारण चार आठवडे बाहेर टिकते, नेमकं वेष्टनावर बघा.

मासे: अनेक ठिकाणी सामाईक स्वयंपाकघर शाकाहारी असतं. आपल्या खोलीत शिजवायला मनाई आहे का ते बघा. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा सुक्या मासळीची सोय करावी लागेल आणि त्या वासावरून शेजारी तक्रार करतात, हेही आधीच बोलून घ्या.

आणखी एक. स्वयंपाकी, मदतनीस आसपासच्या वाड्यांतलेच असतात. गणपतीत आणि शिमग्यात ते घरी जाणार, लावणीच्या दिवसांतही. त्यांचं बरोबरच आहे. मात्र व्यवस्थापकाकडे त्या दिवसांची पर्यायी सोय हवी.

साठेखत:
कागदांचं कुणी बोललं नाही. विकत, की अनामत भरून राहण्याचा हक्क? दुसऱ्या प्रकारात मालकी मिळत नाही. अनामत परत कधी, ते वाचा. "नवीन रहिवासी आल्यावर" असं लिहिलेलं असतं, तिथे "जास्तीत जास्त ९० दिवसांत" घालून घ्या. दरवर्षी त्यातून किती टक्के कापतात आणि मासिक शुल्क किती वाढू शकतं, तेही आकड्यांत.

दोघांपैकी एक गेल्यावर उरलेल्याचा हक्क आपोआप चालू राहतो, असं कलम हवंच. शुल्क तेव्हा निम्मं होत नाही. बहुतेक ठिकाणी एकट्याचा दर निम्म्याहून बराच जास्त असतो. आत्ताच विचारा, त्या दिवसांत विचारायचं त्राण नसतं.

विकत घेत असाल तर जमीन बिगरशेती झालीय का, सातबारा आणि सीआरझेडचा (किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याचा) नकाशा बघा. मुंबईची जागा मुलांच्या नावे करून इकडे येणार असाल, तर "आईवडिलांना सांभाळीन" ही अट बक्षीसपत्रातच लिहा. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ त्या अटीवर उभं आहे. अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून व्यवहार रद्द ठरवता येतो.