काखेतल्या गाठी काढल्यानंतर हाताला आलेली सूज आणि बागेतले काम

प्रश्न (तासगाव परिसर)

माझ्या सासूबाईंची गेल्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी उजव्या काखेतल्या गाठी काढल्या आणि नंतर किरणोपचारही झाले. दिवाळीपासून त्याच हाताला सूज आहे. बांगड्या रुततात, आणि सकाळी थोडी ओसरलेली सूज संध्याकाळी पुन्हा चढते. गावात कोणी गरम तेलाने जोरात चोळायला सांगते, तर कोणी लघवीच्या गोळ्या सुचवते. आमची द्राक्षबाग आहे आणि विरळणीच्या दिवसांत त्या घरी बसायला तयार नाहीत. त्यांनी काम थांबवावे का?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, मिरज)

आधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना हात दाखवावा, कारण शिरेत रक्ताची गुठळी नाही ना आणि मूळ आजार उलटलेला नाही ना, याची खात्री त्यांनीच करायची असते. दोन्ही नसेल, तर वर्णनावरून हा लिम्फेडीमा वाटतो. लसिकाग्रंथी (म्हणजे काखेतल्या त्या गाठी) काढल्याने आणि किरणोपचाराने लसिकेची, म्हणजे ऊतींतून परत वाहणाऱ्या द्रवाची, वाट अरुंद होते व ती हातातच साचते. या द्रवात प्रथिने असतात. गोळ्यांनी पाणी बाहेर पडते, प्रथिने मात्र तिथेच राहतात आणि पुढे कातडीखालचा भाग कठीण होत जातो. म्हणून या सुजेसाठी लघवीच्या गोळ्या घेऊ नयेत. (रक्तदाबासाठी त्या चालू असतील, तर परस्पर बंदही करू नयेत.)

जोरात चोळण्याला माझा ठाम विरोध आहे. या सुजेचा मसाज कातडी जेमतेम सरकेल इतका हलका असतो, आणि तो हातापासून नव्हे, तर मान व निरोगी काखेपासून सुरू होतो. मुख्य उपचार मात्र बँडेजचा: कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या अनेक थरांत, बोटांकडे अधिक दाब आणि खांद्याकडे कमी. सूज उतरून स्थिरावल्यावरच कॉम्प्रेशन स्लीव्हचे (हातावर दाब देणाऱ्या घट्ट बाहीचे) माप घ्यावे. सुजलेल्या हातावर घेतलेले माप पुढे सैल पडते. सुरुवातीच्या टप्प्यात सूज बरीच उतरते, तरी काळजी कायमची असते.

काम थांबवू नये. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, देखरेखीखाली वजन उचलण्याचा व्यायाम हळूहळू वाढवत नेलेल्या स्त्रियांची सूज वाढली नाही, उलट ती उफाळण्याचे प्रमाण कमी आढळले. तेव्हा विरळणी स्लीव्ह घालून, मध्ये हात खाली घेत आणि रोज थोडी वाढवत करावी.

उत्तर २ (कराड)

मी स्वतः हाच त्रास सांभाळून शेतात जाते. उसाच्या पाचटाचा साधा ओरखडाही अशा हाताला महागात पडू शकतो, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट सोडू नये. घरी आल्यावर हात धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून मॉइश्चरायझर लावावे. हात लाल आणि गरम होऊन थंडीताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत; प्रतिजैविके लागतात. उन्हाळ्यात स्लीव्ह नकोशी होते हे खरे आहे, पण दोन असल्या की एक धुता येते. साधारण सहा महिन्यांनी तिचा ताण जातो, मग ती बदलावी.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. शेजारणी याला हत्तीरोग म्हणतात आणि जवळ बसायला कचरतात. यात तथ्य आहे का?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, मिरज)

नाही. हत्तीरोग डासांमार्फत शिरणाऱ्या कृमींमुळे होतो. तोही शेजारी बसल्याने लागत नाही. सासूबाईंच्या सुजेचे कारण निराळे आहे, आणि त्यांच्या ताटात जेवले तरी कोणाला काही होणार नाही.