मदत हवी आहे: सायनसच्या म्युकोसीलमुळे आबांचा डोळा सरकलाय

आबांचा डावा डोळा दोन महिन्यांत पुढं आलाय, थोडा खालीही सरकलाय. चष्मा तिरका बसायला लागला तेव्हा आम्ही चष्मेवाल्यालाच बोल लावला! आता चहा ओतताना त्यांना दोन कप दिसतात, निम्मा चहा ओट्यावर.

सीटी स्कॅनमध्ये कपाळाच्या सायनसचा, म्हणजे हाडातल्या हवेच्या पोकळीचा, म्युकोसील निघाला. निचऱ्याची वाट बंद झाल्यानं आत चिकट द्रव साठला, डोळ्यावरचं हाड पातळ झालंय. कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणतात, नाकातूनच दुर्बिणीनं वाट मोकळी करू. म्युकोसील फार बाहेरच्या कडेला असेल तर वरून छेद लागेल.

कोल्हापुरात कुणी करून घेतलंय का? दोन-दोन दिसणं किती दिवसांत गेलं? की सरळ पुणं गाठू? आबांचं एकच, “जोतिबाची यात्रा होऊ दे, मग बघू.”