शाळेतला इंटरॅक्ट क्लब आणि वाचनाचा तास: सुरुवात कुठून करावी?

दुसरा_बाक

नमस्कार मंडळी. आमच्या रोटरी क्लबाने यंदा शाळांमधलं युवा काम माझ्या गळ्यात घातलं आहे. शाळा दोन. पहिल्या शाळेत आठवी ते दहावीचा इंटरॅक्ट क्लब (रोटरीच्या प्रायोजनाखालचा मुलांचा क्लब) आहे, म्हणजे कागदावर आहे; बैठक शेवटची कधी झाली ते कोणाला आठवत नाही. दुसऱ्या शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना वाचनात मदत करायला माणसं हवी आहेत. क्लबात बारा जणांनी हौसेने हात वर केलेत, त्यातलं शिक्षक कोणी नाही.

विचारायचं असं:
१. बारा माणसांवर किती मुलं घ्यावीत?
२. वाचनाच्या तासात नेमकं करायचं काय?
३. मरगळलेला इंटरॅक्ट क्लब उठवायचा की नवा काढायचा?
४. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम वाचून झालेत. शाळेच्या इमारतीत ते प्रत्यक्ष पाळतात कसे?

उद्घाटन, सत्कार आणि आभारप्रदर्शनाचा आमचा हात बसलेला आहे, त्यावर मार्गदर्शन नको. :)

हजेरीपट

बारा माणसांवर बारा मुलं घेतलीत की पहिल्याच महिन्यात फजिती. बारातले दोन-तीन जण दर आठवड्याला येत नाहीत, हे गृहीतच धरा. ज्याचा माणूस आला नाही ते मूल कोपऱ्यात बसून इतरांकडे बघत राहतं आणि पुढच्या वेळी यायला तयार होत नाही. म्हणून मुलं आठ घ्या. आठ जण ठरलेल्या जोडीचे, दोन राखीव (यांनी दर वेळी हजर राहायचं, गरज नसली तरी), एक जण पुस्तकं आणि नोंदवह्या बघणारा, एक जण शाळेशी बोलणारा. झाले बारा.

वार, वेळ, जोडी बदलायची नाही. आठवड्यातून एकदाच जमत असेल तर एकदाच करा, पण सुट्टीला लागून येणारा वार घेऊ नका, तास बुडत राहतात. मुदत आठ ते दहा आठवड्यांची ठेवा आणि पत्रात शेवटची तारीख लिहा. 'वर्षभर करू' म्हणणारा क्लब दोन महिन्यांत गळतो, हे मुख्याध्यापकांना पाठ असतं. शेवटची तारीख दिसली की होकार लवकर मिळतो. शाळा उघडल्यावरचे पहिले दोन आठवडे आणि परीक्षेआधीचा आठवडा सोडा.

कोणता तास मागायचा यावर सगळं अडतं. खेळाचा तास घेतलात तर मूल तुम्हाला शिक्षा समजेल. भाषेचा तास घेतलात तर जिथे ते मागे आहे तेच चुकेल. हे वर्गशिक्षकांनाच ठरवू द्या. चाळीस मिनिटांच्या तासात हाती पंचवीसच येतात, कारण वर्गातून येणं, बसणं, परत जाणं यात पंधरा जातात. नियोजन पंचवीसचंच करा.

मुख्याध्यापकांना पत्र एका पानाचं. त्यात वार, वेळ, इयत्ता, मुलांची संख्या, बसायची जागा, शाळेने काय द्यायचं (खोली, आठ नावं, एक शिक्षक), क्लबाने काय द्यायचं. संपर्काच्या शिक्षकासोबत दुसरं पर्यायी नावही मागा. पहिले रजेवर गेले की गेटवरच्या शिपायाला तुम्ही कोण हे माहीत नसतं आणि बारा प्रतिष्ठित माणसं बाहेर उभी राहतात.

मुलांची निवड करताना 'अक्षरं येतात पण अडखळत वाचतात' अशीच नावं मागा, याच शब्दांत. नाही तर शिक्षक साहजिकच वर्गातली सगळ्यात मागे पडलेली किंवा सगळ्यात दंगेखोर आठ पाठवतात. अक्षरओळखच नसलेल्या मुलाला प्रशिक्षित शिक्षक लागतो. आठवड्याच्या पंचवीस मिनिटांत हौशी माणूस तिथे काही करू शकत नाही आणि दोघंही हिरमुसतात.

जोडाक्षर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: जोडीने वाचन. शिक्षक नसलेल्या माणसांसाठी याहून सोपी आणि बिनधोक पद्धत नाही.

समोरासमोर बसू नका, शेजारी बसा. पुस्तक दोघांच्या मध्ये. पुस्तक मुलाने निवडायचं. निवडलेलं झेपेल का हे बघायला मधलं एखादं पान उघडा, मूल वाचत असताना अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर पुस्तक जड आहे. तरी मुलाला तेच हवं असेल तर घेऊ द्या, फक्त सोबतीने जास्त वाचावं लागेल.

आता वाचन. दोघांनी एकाच वेळी मोठ्याने वाचायचं, वेग मुलाचा. तुमचा आवाज त्याच्या पुढे धावला की ते वाचणं सोडून तुमच्या मागून पुटपुटायला लागतं, ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. एक खूण ठरवा, मुलाने टेबलावर टिचकी मारली की तुम्ही गप्प, ते एकटं वाचणार. अडलं तर चार-पाच सेकंद थांबा. मनात 'एक, दोन' मोजा, कारण न मोजता थांबलेली पाच सेकंदं प्रत्यक्षात दीडच असतात. मुलाने स्वतः सुधारलं तर उत्तम. नाही जमलं तर शब्द सरळ सांगा, त्याला एकदा म्हणू द्या आणि पुन्हा दोघं मिळून वाचायला लागा, पुढची टिचकी येईपर्यंत.

उदाहरण घ्या. पानावर 'प्रकाश' आहे, मूल 'प… र… काश' म्हणतं. इथे 'प्र म्हणजे अर्धा प आणि र' असा पाठ सुरू करायचा नाही. थांबा, मग 'प्रकाश' म्हणा, ते म्हणेल 'प्रकाश', वाक्य पुढे. जोडाक्षरं शिकवणं हे वर्गातलं काम. तुमच्याकडे वाचनाचा ओघ तुटू नये एवढंच बघायचं. 'आठव बघू', 'कालच सांगितलं होतं ना' हेही नको.

पंचवीस मिनिटांची वाटणी साधारण अशी: दोन मिनिटं गप्पा, पंधरा वाचन, पाच वाचलेल्यावर बोलणं, तीन नोंद. बोलणं म्हणजे तोंडी परीक्षा नव्हे. 'पुढे काय होईल वाटतं?' चालेल, 'या धड्यातून काय शिकलास?' नको. नोंदवहीत तारीख, पुस्तक, पान कुठून कुठे आणि एक ओळ: 'आज टिचकी चार वेळा मारली.' चुका मुलासमोर मोजू नका. टिचक्या वाढताना दिसल्या की वर्गशिक्षकांना तेवढंच दाखवा.

स्वयंसेवकांची तयारी एका तासात होते. दोघादोघांच्या जोड्या करून एकाने मूल व्हायचं. पुस्तक उलटं धरून वाचायला लावा, मोठ्यांनाही अडखळायला होतं. मग पाच सेकंद थांबणाऱ्याची आणि न थांबणाऱ्याची सोबत कशी वाटते ते आपोआप कळतं.

खजिनदाराचा_डबा

इंटरॅक्टबद्दल. आधी जुन्या क्लबाचं प्रमाणपत्र आहे का आणि रोटरीच्या नोंदीत मार्गदर्शक म्हणून कोणाचं नाव आहे, ते बघा. बहुतेक वेळा तिथे क्लब सोडून गेलेल्या माणसाचं नाव सापडतं. प्रमाणपत्र असेल तर नवा क्लब काढायचं कारण नाही. नवी निवडणूक घ्या, मार्गदर्शकाचं नाव बदला, झालं.

इंटरॅक्ट १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी. पहिला क्लब १९६२ साली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या मेलबर्न हायस्कूलमध्ये २३ विद्यार्थ्यांनी सुरू केला. वर्षाला किमान दोन उपक्रमांची अपेक्षा असते. एक शाळेसाठी किंवा आसपासच्या समाजासाठी, दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठी. प्रायोजक रोटरी क्लबाचा मार्गदर्शक असतोच, शाळेचा क्लब असेल तर शाळेतले एक शिक्षकही लागतात.

तुमचा क्लब का मरगळला असेल? तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिलं, सगळे पदाधिकारी दहावीचे. ते एकदम बाहेर पडतात आणि मागे वहीसुद्धा राहत नाही. अध्यक्ष वरच्या वर्गातला चालेल, पण सचिव आणि खजिनदार आठवी-नववीचेच निवडा. दुसरं, रोटरीचं वर्ष १ जुलैला बदलतं, नवी समिती येते, मार्गदर्शक बदलतो. मुलांची ओळख होईपर्यंत पुढचा १ जुलै उजाडतो. क्लबाकडून ठराव करून घ्या की हा माणूस निदान तीन वर्षं हलणार नाही. तिसरं कारण कोणी कबूल करत नाही: उपक्रम मोठे ठरवतात आणि मुलं बॅनर धरतात. फोटोत मुलं पुढे, निर्णयात कुठेच नाहीत. चौदा वर्षांच्या मुलांना हे लगेच कळतं.

बैठक चाळीस मिनिटांची, पंधरवड्यातून एकदा. हजेरी आणि मागच्या कामांची विचारपूस पाच मिनिटं. एकाच उपक्रमावर चर्चा वीस. कामवाटप दहा, प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख, फळ्यावर लिहून. उरलेली पाच इतिवृत्त वाचायला. मार्गदर्शकाने मागच्या बाकावर बसायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मुलं तीन मिनिटं गप्प बसली तरी बसू द्यायची. अवघड जातं, पण गंमत तिथेच सुरू होते.

पहिला उपक्रम तीन आठवड्यांत संपणारा आणि आकडा हाती देणारा घ्या. उदाहरणार्थ, शाळेतले गळके नळ. प्रत्येक गळक्या नळाखाली एक लिटरची बाटली लावायची आणि भरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळावर बघायचं. वीस मिनिटं लागली तर तासाला तीन लिटर, दिवसाला ७२. असे पाच नळ म्हणजे ३६० लिटर. हा तक्ता घेऊन मुलंच मुख्याध्यापकांकडे जातात. वॉशर बदलल्यावर पुन्हा मोजायचं. पोस्टर लावून 'पाणी वाचवा' म्हणण्यापेक्षा हे कितीतरी सरस.

आंतरराष्ट्रीय उपक्रमात थेट व्हिडिओ कॉलच्या नादी लागू नका. वेळेचा फरक आणि दोन्हीकडच्या परीक्षा आडव्या येतात. दोन्हीकडच्या प्रायोजक क्लबांमार्फत एकच विषय ठरवून मजकूर आणि चित्रांची देवाणघेवाण करा. नळांचाच तक्ता तिकडच्या शाळेनेही केला तर बोलायला विषय आयता मिळतो.

पैशाची वही खजिनदार मुलाकडे, रक्कम शिक्षकांच्या कुलपात, प्रत्येक खर्चाला पावती आणि दोन सह्या. रक्कम लहान असली तरी हिशोब सगळ्यांसमोर वाचायचा.

दार_उघडं

चौथा प्रश्न. हजेरीपट यांनी जागेबद्दल लिहिलं आहे, त्यात भर: आठ खोल्यांत आठ जोड्या नकोत. एकच मोठी खोली किंवा ग्रंथालय, आठ टेबलं, दार उघडं, शिक्षक खोलीत किंवा हाकेच्या अंतरावर.

मुलांना वर्गातून आणणं आणि परत सोडणं शाळेच्या माणसाचं काम. मुलाला स्वच्छतागृहात जायचं असेल तर ते शिक्षकांना सांगून जाईल, स्वयंसेवकाने सोबत जायचं नाही. आपल्या गाडीतून घरी सोडणं नाही, पाऊस असला तरी. मुलाला फोन नंबर देणं-घेणं नाही, समाजमाध्यमांवर जोडून घेणं नाही. इंटरॅक्टच्या गटसंदेशांत शिक्षक आणि क्लबाचा मार्गदर्शक, दोन मोठी माणसं कायम हवीत. भेटवस्तू द्यायची तर सगळ्यांना सारखी आणि शाळेमार्फत. प्रत्येक स्वयंसेवकाची पार्श्वभूमी-तपासणी काम सुरू होण्याआधी, 'आपलाच माणूस आहे' म्हणून सूट नाही.

फोटोची संमती पालकांची लेखी, प्रवेशाच्या वेळच्या सरसकट सहीवर विसंबू नका. ज्यांची संमती नाही त्यांची नावं फोटो काढणाऱ्याकडे आधी असावीत. ऐन वेळी 'तू बाजूला हो' म्हणणं त्या मुलाला लागतं. वाचनाच्या उपक्रमात तर मूल 'वाचनात कच्चं' म्हणून ओळखलं जातं, त्यामुळे तिथे फोटो नकोतच.

आणि एखाद्या मुलाने काही वाईट घडल्याचं सांगितलं तर? 'कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. ऐकून घ्यायचं, खोदून विचारायचं नाही. 'सांगितलंस ते बरं केलंस, मला हे अमुक बाईंना सांगावं लागेल' एवढं म्हणायचं. लगेच मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, वेळ आणि तारीख टाकून, आणि त्याच दिवशी शाळेने नेमलेल्या व्यक्तीला सांगायचं. मूल धोक्यात असेल तर कायद्याने ठरवलेल्या यंत्रणेला कळवण्यात एक तासही घालवायचा नाही. रोटरीच्या उपक्रमात अशी तक्रार आली तर रोटरी इंटरनॅशनलला ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. क्लबात आधी 'अंतर्गत चौकशी' करत बसणं ही इथली सगळ्यात घातक चूक.

दुसरा_बाक

सगळ्यांचे आभार. (प्रदर्शन न करता.) आठ मुलं, पंचवीस मिनिटं, दार उघडं, एवढं पक्कं. आणखी एक. शेजारचा लायन्स क्लब याच शाळेत शांतता पोस्टर स्पर्धा घेतोय, चित्रकलेच्या तासाला आमची दोन-तीन माणसं मागितली आहेत. तिथे काय चुकतं?

जोडाक्षर

चित्र बरं-वाईट असण्यापेक्षा नियमांत बसत नाही म्हणून बाद होण्याचं दुःख जास्त. स्पर्धा ११ ते १३ वयाच्या मुलांसाठी आहे आणि वय १५ नोव्हेंबरला मोजतात, इयत्तेवर जाऊ नका. हजेरीपटावरून जन्मतारीख बघा. कागद १३ बाय २० इंचांपेक्षा लहान नको, २० बाय २४ पेक्षा मोठा नको. म्हणून कागद आधीच एका मापाचे कापून नेणं हे तुमच्या माणसांचं पहिलं काम.

पुढच्या बाजूला अक्षर किंवा आकडा चालत नाही, कुठल्याही भाषेतला. मुलं सवयीने कबुतराखाली 'शांती' लिहितात आणि मेहनत पाण्यात जाते. तासाच्या सुरुवातीला हे सांगा आणि अर्ध्या तासाने फिरून बघा, कारण सांगितलेलं विसरलं जातं. चिकटवलेलं, टाचलेलं काही नको. खडू, कोळसा किंवा पेस्टल वापरलं तर रंग पुसू नये म्हणून वरून फिक्सेटिव्ह मारावं लागतं, लॅमिनेशन मात्र नाही. पाठवताना घडी घालू नका, नळीत गुंडाळा. यंदाची नियमपत्रिका लायन्सवाल्यांकडून मागून घ्या आणि वर्गात लावा.

तुमच्या माणसांना एकच ताकीद द्या: मुलाच्या हातातला ब्रश घ्यायचा नाही.

हजेरीपट

आणि कागद मुलांच्या संख्येपेक्षा पाच-सहा जास्त न्या. पाणी सांडतंच.