मदत हवी आहे: कराटे शिकताना स्वतःचाच येणारा राग कसा हाताळावा?

नमस्कार मंडळी,

थेट विषयावर येतो. वय बेचाळीस, नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) विभागात नोकरी, राहायला इंदिरानगर. चाळिशी उलटल्यावर शोतोकान शैलीचं कराटे शिकायला लागलो, सध्या ग्रीन बेल्टवर आहे. कराटे मनापासून आवडतं आणि सोडायचं नाहीये, तेव्हा 'जमत नसेल तर योगा करा' हा सल्ला कृपया नको. पण क्लासहून घरी येताना स्वतःचाच जो संताप येतो, तो कमी होण्याऐवजी वाढत चाललाय. जेवताना मी गप्प असतो. परवा बायकोने विचारलं, "आवडतं म्हणून जाता ना? मग येताना चेहरा असा का?" मला उत्तर देता आलं नाही.

नेमकं कुठे अडतंय ते सांगतो. सध्या हेयान निदान ही काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) चालू आहे. २६ हालचाली. त्यात सुरुवातीलाच एका ठिकाणी साइड किक आणि उलट्या मुठीचा फटका एकाच वेळी मारायचा, आणि पाय खाली टेकतो न टेकतो तोच मागे वळून कोकुत्सू-दाचीत (मागच्या पायावर भार देऊन उभं राहण्याची पद्धत) शुतो-उके, म्हणजे उघड्या तळहाताच्या कडेने अडवणं. या स्टान्समध्ये साधारण ७० टक्के वजन मागच्या पायावर लागतं आणि मागचा गुडघा बाहेरच्या बाजूला दाबून धरावा लागतो. माझं वजन दर वेळी पुढे येतं, गुडघा आत पडतो. हे मला त्याच क्षणी कळतं. कळूनही पुढच्या वेळी तेच होतं, आणि तिथून डोकं तापायला लागतं.

सुरुवातीला असं नव्हतं. यलो बेल्टला असताना मी आनंदात होतो, कारण आपलं काय चुकतंय हे दिसतच नव्हतं. आता दिसतं. सरांनी मोबाइलवर व्हिडिओ काढून बघायला सांगितलं तेव्हापासून तर फारच दिसतं. नजर पुढे निघून गेली आणि अंग मागे राहिलं. माझं नोकरीतलं सगळं काम मायक्रॉनमध्ये चालतं. माप चुकलं तर टूलचा ऑफसेट, म्हणजे मशीनमधलं सेटिंग, बदलायचा, पुढचा नग बरोबर निघतो. इतकी वर्षं चूक कळणं म्हणजे चूक सुधारणं हीच सवय लागलेली. अंगाला असा आकडा देता येत नाही, हे डोक्याला पटतं पण मनाला पटत नाही.

बॅचमध्ये बहुतेक शाळकरी मुलं. शेजारी उभी राहणारी दहा-अकरा वर्षांची मुलगी दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला नवीन हालचाल उचलते. "काका, गुडघा आत येतोय तुमचा," असं प्रेमाने सांगते, आणि बरोबर सांगते. तिच्याशी तुलना नाही, तिचा खुब्याचा सांधा आणि माझा सांधा वेगळा, एवढं समजतं. माझी तुलना माझ्याच अंदाजाशी असते. दिवाळीपर्यंत हे यायला हवं, असं मीच ठरवतो आणि मीच नापास होतो.

शोतोकानचे संस्थापक फुनाकोशींनी त्यांचे गुरू इतोसूंच्या हाताखाली टेक्की नावाच्या तीन काता शिकण्यात दहा वर्षं घालवली, हे वाचून काही दिवस फार बरं वाटलं होतं. पण त्यांच्यापुढे त्या काळी ग्रेडिंगची, म्हणजे बेल्टच्या परीक्षेची, तारीख नव्हती. बेल्टची पद्धत ज्युदोचे संस्थापक कानो यांची, ती घेऊन फुनाकोशींनी कराटेत पहिले ब्लॅक बेल्ट दिले ते १९२४ मध्ये. आमच्याकडे दर काही महिन्यांनी परीक्षा असते. फॉर्म भरला की माझा सराव बदलतो: खांदे ताठ, श्वास अडकलेला. ताठ हाताचा पंच हळू जातो, मग आणखी जोर लावतो, तो आणखी हळू जातो.

घरी गच्चीवर सरावही करतो. तीच एक हालचाल घोटत बसलो की त्या संध्याकाळी छान जमते, पण पुढच्या क्लासला गेलो की गायब. उलट चार-पाच हालचाली मिसळून केल्या की त्या वेळी सगळंच वाईट होतं, पण आठवडाभराने थोडं टिकलेलं जाणवतं. शिकण्यावरच्या लेखनातही हेच सांगितलेलं आढळलं. अडचण अशी की वाईट होत असलेला सराव शांतपणे चालू ठेवायला जो धीर लागतो, तोच माझ्याकडे कमी पडतोय.

ज्यांनी मोठ्या वयात कराटे, ज्युदो, तायक्वांदो किंवा मल्लखांब, काहीही सुरू केलं असेल त्यांना विचारायचंय. एका क्लासपुरती अपेक्षा तुम्ही कशी ठरवता? आज फक्त मागचा गुडघा बघायचा, बाकी काहीही चुकू दे, असं कोणी करतं का, आणि ते खरंच पाळता येतं का? व्हिडिओ किती दिवसांनी बघावा? ही ग्रेडिंग सोडून पुढची द्यावी असं सरांना सांगितलं तर ते पळ काढल्यासारखं दिसेल का? सर भले आहेत, ऐकून घेतील, पण मलाच बोलायला जड जातंय. आणि कोणी शिकवत असाल तर खास विचारतो: माझ्यासारख्या विद्यार्थ्याने तोंड उघडून सांगितलेलं तुम्हाला आवडतं, की घाम गाळून गप्प राहिलेला बरा वाटतो?

शेवटचं, नाशिककरांसाठी. रविवारी सकाळी गोल्फ क्लब मैदानावर चालायला जातो. तिथे किंवा गंगापूर रोडच्या बाजूला चाळिशीपुढचे कोणी एकत्र सराव करत असतील तर व्यक्तिगत निरोप करा. कुठल्याही शैलीचे चालतील. आपल्या वयाच्या माणसाचाही गुडघा आत पडताना एकदा बघायचाय.