औशाजवळ थांबताय, तर येळवस गाठाच

काका-काकू, कॅरॅव्हॅन (राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) घेऊन हंपीकडे निघालात आणि वाटेत औशाजवळ ताईंकडे आठवडाभर थांबायचं की दोन दिवसांत पुढं सरकायचं, हा तुमचा प्रश्न. थांबाच! डिसेंबरात येताय, तर मार्गशीर्ष अमावस्या कधी आहे ते आधी बघा. त्याच दिवशी लातूर-धाराशिवकडचा शेतकऱ्यांचा सण असतो, वेळ अमावस्या. आमची येळवस म्हणजे घरदार कुलूप लावून रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपी, पांडवांची पूजा, मिसळीच्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि माठातलं आंबील. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. तुम्ही तर घरचे.

गाडी मात्र शेतात घालू नका. आमची काळी जमीन ओली असली की जड गाडी रुतलीच. मुरूम टाकलेल्या जागेवर किंवा वाड्यासमोर लावा. गॅसची टाकी बंद ठेवा, खाण्याचं सामान आत ठेवू नका, उंदीर वायरी कुरतडतात. फ्रिजसाठी घरातून वायर घ्यायची असेल तर अर्थिंग तपासून घ्या.

झोपायला गाडीत गेलात तर ताईंना वाईट वाटेल, हे मी खात्रीनं सांगते. निदान पहिल्या रात्री घरातच झोपा.

आणि एक दिवस ताईंनाच गाडीत घ्या. पट्टा असलेल्या सीटवर बसवा आणि तुळजापूर करून या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाटेत गाडी थांबवून आडवं व्हायला पलंग आणि हाताशी संडास मिळणं केवढं सुखाचं! पुढं नळदुर्गचा किल्ला त्याच बाजूला आहे.