गळका गिझर बदलताना
घरमालक गळका गिझर बदलून देत असेल, तर नुसतं ‘नवा बसवा’ म्हणून सोडू नका. खाडीलगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ग्लासलाइन (आतून काचेसारखा थर दिलेल्या) टाकीचाच मागा आणि मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी) दरवर्षी उघडून बघा. तो झिजून आतली तार उरली की गंज थेट टाकीला धरतो. १५ लिटर, २००० वॅटचा गिझर म्हणजे साधारण ९ अँपिअर: १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच). ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आणि धड अर्थिंग हवंच. जुन्या सॉकेटचं पितळ खाऱ्या हवेने हिरवं पडलं असेल तर तोही बदला, नाहीतर प्लग तापून वितळतो. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (जादा दाब बाहेर सोडणारी झडप) टपकतो म्हणून काही प्लंबर त्याचं तोंडच बुजवतात (धन्य!), ते अजिबात करू देऊ नका, पाणी तापून फुगलं की त्याला तेवढीच वाट असते.